‘प्रेडिक्ट प्रोस्टेट’ : निदान आणि निर्णय यांच्या मधल्या दिवसांसाठी

बाबांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाची फाइल उघडली की आजही पहिल्या पानावर तेच आकडे दिसतात: वय 69, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे एक प्रथिन) 8.4, बायोप्सीच्या बारा तुकड्यांपैकी तीन तुकड्यांत कर्करोग, ग्लीसन (कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक आहेत याचे मोजमाप) 3+4. एमआरआयनुसार गाठ प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या आतच होती आणि हाडांचा स्कॅन स्वच्छ होता. ज्या युरोलॉजिस्टांनी बायोप्सी केली त्यांनी जेमतेम दहा मिनिटांत शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आणि पुढच्याच आठवड्यातली तारीख सुचवली. न केल्यास काय होईल, हे आईने विचारले तेव्हा ‘कॅन्सर आहे, वाट पाहून चालणार नाही’ एवढेच उत्तर मिळाले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण बाहेर वीस-पंचवीस माणसे खोळंबलेली असताना त्या प्रश्नाला जितका वेळ द्यायला हवा होता तितका तो मिळाला नाही. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आम्हाला जे साधन सर्वाधिक उपयोगी पडले, त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

‘प्रेडिक्ट प्रोस्टेट’ हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेले आणि कोणालाही मोफत वापरता येणारे संगणकीय साधन आहे. त्यामागचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व इंग्लंडमध्ये 2000 ते 2010 या काळात निदान झालेल्या, आजार इतरत्र न पसरलेल्या दहा हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदींवर ते उभे आहे. पुढे सिंगापूर आणि स्वीडनमधील रुग्णांच्या नोंदींशीही त्याचे अंदाज ताडून पाहण्यात आले. त्याला हवी असलेली माहिती बहुतेक घरांच्या फाइलीत असतेच: वय, पीएसए, आजाराचा टप्पा, पेशींची श्रेणी, बायोप्सीचे किती तुकडे घेतले व त्यांपैकी किती बाधित निघाले, आणि माणसाला दुसरा कोणता मोठा आजार आहे का.

माहिती भरताना एका ठिकाणी विशेष जपायला हवे. हे साधन ग्लीसनची बेरीज विचारत नाही. 1 ते 5 या नव्या श्रेणींपैकी एक निवडायला सांगते. आपल्याकडच्या अहवालात ‘ग्लीसन 7’ हे ठळक छापलेले असते, पण 3+4 म्हणजे श्रेणी 2 आणि 4+3 म्हणजे श्रेणी 3. बेरीज एकच असली तरी पहिल्यात सौम्य पेशींचे प्रमाण अधिक असते, तर दुसऱ्यात आक्रमक पेशींचे, आणि या फरकाने पुढचा सगळा अंदाज बदलतो. मी पहिल्यांदा घाईत 3 निवडले होते. चूक लक्षात आल्यावर दुरुस्त केली तेव्हा चित्र ठळकपणे बदललेले दिसले.

उत्तर तक्त्याच्या, आलेखाच्या आणि शंभर ठिपक्यांच्या रूपात मिळते. मला ठिपक्यांचे चित्र सर्वांत मोलाचे वाटते. तुमच्यासारख्या शंभर पुरुषांपैकी पंधरा वर्षांनी किती हयात असतील, किती जण या कर्करोगाने गेलेले असतील आणि किती जण हृदयविकार, पक्षाघात किंवा अन्य कारणांनी, हे त्यात वेगवेगळ्या रंगांत दिसते. लगेच शस्त्रक्रिया वा किरणोपचार घेतल्यास त्या शंभरांतले आणखी किती जण वाचतील, हेही कळते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी बाबांना ते दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दुसऱ्या कारणांचे ठिपके बोटाने एकेक करून मोजले. कर्करोगाच्या ठिपक्यांपेक्षा ते कितीतरी जास्त होते. ‘मग एवढी घाई कशाची होती?’ असे त्यांनी विचारले. अहवाल आल्यापासून रात्रभर जागणारा माणूस त्या दिवशी दुपारी झोपला. इंग्लंडमध्ये 145 रुग्णांवर या साधनाची रीतसर चाचणी झाली, तेव्हाही ते वापरणाऱ्यांची निर्णयाविषयीची घालमेल कमी झाल्याचे आढळले होते.

हा दिलासा खोटा नाही, हे तपासून घेणे मला आवश्यक वाटले. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या चाचणीत 1,643 पुरुषांची देखरेख (लगेच उपचार न करता नियमित तपासण्या), शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली होती. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांनुसार या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 3.1, 2.2 आणि 2.9 टक्के होते, म्हणजे तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मात्र देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण 9.4 टक्के होते आणि इतर दोन गटांत ते पाच टक्क्यांच्या आसपास राहिले. देखरेखीच्या गटातल्या सुमारे 61 टक्के पुरुषांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले, ही बाजूही घरच्यांसमोर मांडायला हवी.

याच चाचणीतून दुष्परिणामांचे जे आकडे हाती आले, तेही या साधनात पाहता येतात, आणि आपल्याकडच्या घरांत ज्या विषयावर कोणी तोंड उघडत नाही तो त्यामुळे आपोआप निघतो. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी 46 टक्के पुरुषांना लघवी गळत असल्याने पॅड वापरावे लागत होते; सहा वर्षांनीही हे प्रमाण 17 टक्के होते, तर देखरेखीच्या गटात 8 आणि किरणोपचारांच्या गटात 4 टक्के. शरीरसंबंधास पुरेसा ताठरपणा सहा महिन्यांनी देखरेखीच्या गटात 52 टक्के, किरणोपचारांनंतर 22 टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर अवघ्या 12 टक्के पुरुषांत उरला होता. मुलगा म्हणून हे मी बाबांना कधीही विचारू शकलो नसतो. पडद्यावरचा तक्ता त्यांनी स्वतः वाचला आणि आईशी ते काय बोलले ते मी विचारले नाही.

आता उणिवांकडे वळतो. पहिली गोष्ट म्हणजे हे साधन शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांना एकाच पारड्यात टाकते. त्यामुळे दोहोंपैकी काय घ्यावे, हे त्यातून कळत नाही. उपचार कसा दिला जातो यानेही फरक पडतो आणि तो पुरावा आपल्या मुंबईतच उभा राहिलेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयात जास्त जोखमीच्या 224 रुग्णांवर झालेल्या चाचणीत केवळ ग्रंथीला किरण दिलेल्यांपैकी 81.2 टक्के, तर ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही (लिम्फ नोड) किरण दिलेल्यांपैकी 95 टक्के रुग्ण पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढता राहिले. असा बारकावा या साधनात शोधू नये.

दुसरी उणीव काळाची आहे. ज्यांच्या नोंदींवर अंदाज बेतला आहे, त्यांचे निदान एमआरआय सर्रास वापरात येण्यापूर्वीचे आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ या अभ्यासात 576 पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा महत्त्वाचे कर्करोग ओळखण्यात जुन्या पद्धतीची बायोप्सी 48 टक्के, तर एमआरआय 93 टक्के यशस्वी ठरला. जुन्या काळी सुया अंदाजाने टोचल्या जात, त्यामुळे ज्यांना 3+4 म्हटले गेले त्यांच्यातल्या काहींचा खरा आजार त्याहून गंभीर असणार. आज एमआरआय पाहून नेम धरून घेतलेल्या बायोप्सीत 3+4 निघाले, तर त्या माणसाचे भवितव्य हे साधन सांगते त्यापेक्षा थोडे चांगलेच असावे, असे मला वाटते. तिसरे म्हणजे भारतीय पुरुषांच्या नोंदींवर ते घडलेले नाही, आणि मधुमेह व हृदयविकार आपल्याकडे ज्या वयात गाठतात ते पाहता दुसऱ्या कारणांचे ठिपके आपल्यासाठी जसेच्या तसे घेता येणार नाहीत. भाषाही इंग्रजीच आहे. घरातल्या कोणीतरी शेजारी बसून प्रत्येक ओळ मराठीत सांगितल्याशिवाय वडीलधाऱ्यांच्या हाती ते एकट्याने देऊ नये.

कर्करोग हाडांत किंवा अन्यत्र पसरलेला असेल तर हे साधन अजिबात वापरू नये. आपल्याकडे कंबरदुखीची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी पुरुषांचे निदान त्या अवस्थेतच होते, आणि त्यांच्यासाठी हे आकडे निरर्थकच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरतील.

आम्ही त्या ठिपक्यांच्या पानाची छापील प्रत काढून दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवली. त्या डॉक्टरीणबाईंनी ती बाजूला न सारता शांतपणे वाचली, बाबांचा जुना मधुमेह लक्षात घेऊन काय बदलेल ते समजावले आणि त्याच कागदाच्या मागे पुढच्या वर्षाचे वेळापत्रक लिहून दिले: दर तीन महिन्यांनी पीएसए, वर्षाअखेर एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी, आणि आकडे चढू लागले तर उपचार. पहिल्या दोन तपासण्यांत पीएसए 8.1 आणि 8.6 आला. तिसरी तपासणी दिवाळीनंतर आहे.