पॅच दोन मिनिटांत लागला, किल्ली बदलायला सात आठवडे गेले: विनएससीपीचा दीड वर्षाचा अनुभव

कोल्हापुरातल्या एका छोट्या छापखान्यात मी प्री-प्रेसचं काम बघते. पानं लावायची, फर्मे तपासायचे, पीडीएफ प्लेटसाठी पाठवायच्या हे माझं मूळ काम. कॉम्प्युटरचं बाकी सगळंही हळूहळू माझ्याकडेच आलं. फायली पाठवायला आम्ही २०१९ पासून विनएससीपी वापरतो. फुकट आहे, डावीकडे आपलं मशीन आणि उजवीकडे सर्व्हर असं समोर दिसतं, नवीन माणसाला अर्ध्या तासात जमतं. पण हा अनुभव लिहायला बसले ते एप्रिल २०२४ मधल्या अपडेटमुळे. त्यानंतर दोन दिवाळ्या होऊन गेल्या, त्यामुळे आता खात्रीने सांगता येईल.

तेव्हा झालं असं. विनएससीपीमधला एसएसएचचा, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करण्याचा, भाग पुटी या प्रोग्रॅमच्या कोडवर चालतो. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठातले फाबियान बॉयमर आणि मार्कुस ब्रिंकमान यांना पुटीत एक दोष सापडला, क्रमांक सीव्हीई-२०२४-३१४९७. पुटीच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्या त्यात आल्या, विनएससीपीच्या ५.९.५ ते ६.३.२, आणि फायली पाठवायच्याच फाइलझिला या दुसऱ्या प्रोग्रॅमच्याही ३.६७.० च्या आधीच्या. दोष फक्त एका प्रकारच्या कीमध्ये होता: ईसीडीएसए, पी-५२१. आमची नेमकी तीच. २०१९ मध्ये की बनवताना यादीत २५६, ३८४, ५२१ असे आकडे दिसले आणि मी सगळ्यात मोठा निवडला, जास्त मजबूत असेल म्हणून.

ही की म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची फाइल. आमच्याकडे सगळे तिला किल्लीच म्हणतात. दर वेळी लॉगिन करताना प्रोग्रॅम या किल्लीने एक डिजिटल सही करतो आणि सर्व्हर ती तपासतो. प्रत्येक सहीसाठी एक नवा, कुणाला अंदाज येणार नाही असा आकडा लागतो. पुटी हा आकडा एसएचए-५१२ हे गणिती सूत्र वापरून काढायचं, म्हणजे तो ५१२ बिटांचा. ही पद्धत जुनी, त्या काळच्या विंडोजमध्ये भरवशाचे यादृच्छिक आकडे मिळत नव्हते तेव्हाची, आणि तेव्हाच्या लहान आकड्यांसाठी ती पुरेशी होती. २०१७ मध्ये ५२१ बिटांचा प्रकार आला आणि ५१२ कमी पडले. प्रत्येक सहीतल्या आकड्याचे वरचे नऊ बिट कायम शून्य राहिले. अशा साधारण साठ सह्या ज्याच्या हाती लागतील, त्याला गणित करून आख्खी प्रायव्हेट की, म्हणजे किल्लीचा फक्त आपल्याकडे असायला हवा तो गुप्त भाग, काढता येते.

साठ हा आकडा वाचला आणि मी कॅलेंडर उघडलं. आमची एक स्क्रिप्ट रोज रात्री साडेअकराला दिवसभराच्या फायनल पीडीएफ वर चढवते. रोज एक लॉगिन, एक सही. म्हणजे दोन महिन्यांत साठ. दिवसा ट्रान्सफर मागे लावून दुसरं काम करत बसलं की विनएससीपी आणखी एक जोडणी उघडतो, ती सही वेगळी. आणि आम्ही पाच वर्षं तीच किल्ली वापरत होतो, तीही सात सर्व्हरवर.

रस्त्यात कान लावून बसलेल्याला या सह्या मिळत नाहीत, कारण त्या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून जातात. मिळतात त्या पलीकडच्या सर्व्हरला. त्यामुळे सातपैकी एका सर्व्हरमध्ये जरी कुणी घुसून सह्या साठवल्या असतील, तरी उरलेल्या सहांचं दार त्याला उघडता आलं असतं. आमच्याकडे लोकांची न छापलेली पुस्तकं असतात, दिवाळी अंकांचे मजकूर असतात, एका संस्थेच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची कव्हरं असतात. विश्वासाने दिलेल्या वस्तू आहेत त्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विनएससीपी ६.३.३ टाकायला खरंच दोन मिनिटं लागली. सेव्ह केलेल्या साइट, स्क्रिप्ट, सेटिंग सगळं जिथल्या तिथे राहिलं. याबद्दल प्रोग्रॅमला पूर्ण गुण. पण नवी आवृत्ती फक्त पुढच्या सह्या नीट करते. आधी दिलेल्या सह्या परत घेता येत नाहीत, म्हणजे जुनी किल्ली बादच करायला हवी. ती बाद होते ती आपल्या मशीनवरची फाइल खोडून नाही, तर प्रत्येक सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज या फाइलमधली तिची ओळ काढून.

मी एड२५५१९ प्रकारची नवी किल्ली बनवली आणि फोन करायला सुरुवात केली. चार ठिकाणी आठवड्याभरात काम झालं. तिथे विनएससीपीच्या साइट सेटिंगमधली पब्लिक की, म्हणजे किल्लीचा उघड भाग, सर्व्हरवर बसवायची सोय फार उपयोगी पडली. पण ती नवी बसवते, जुनी काढत नाही, हे लक्षात ठेवा. एका ग्राहकाकडचे तंत्रज्ञ म्हणाले, "ताई, नवी चालतेय न्हवं? मग जुनी राहू दे की, काय बिघडतंय?" मी म्हटलं, "दादा, कुलूप बदललं आणि जुन्या किल्लीनंही दार उघडतंय, तर बदललं काय?" त्यांनी दुसऱ्या दिवशी ओळ काढली. एका जुन्या सर्व्हरला एड२५५१९ समजतच नव्हतं, तिथे आरएसए या जुन्या प्रकारची ४०९६ बिटांची किल्ली द्यावी लागली. शेवटच्या ठिकाणी होस्टिंगवाल्यांकडून उत्तर यायलाच महिना गेला.

काम खरंच झालं का हे मी प्रत्येक ठिकाणी जुनी किल्ली लावूनच बघितलं. यात धोका नाही, कारण सर्व्हर ती ओळखत नसेल तर सही मागण्याच्या आधीच नाकारतो. विनएससीपीच्या खिडकीत 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की' अशी ओळ येते. ती सातव्यांदा दिसली तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. मी वहीत तारीख लिहून खाली रेघ मारली.

त्यानंतरचा अनुभव चांगलाच आहे. २०२४ च्या दिवाळी अंकांच्या घाईत एका रात्री सोळा पानी फर्म्यांची मोठी फाइल अर्ध्यावर असताना लाइन गेली. ट्रान्सफर पूर्ण होईपर्यंत फाइलच्या नावापुढे फाइलपार्ट हे शेपूट असतं, त्यामुळे पलीकडच्या माणसाने अर्धी फाइल प्लेटला घेतली नाही. जोडणी परत आल्यावर तिथूनच पुढे सुरू झाली. अशा वेळी या प्रोग्रॅमची किंमत कळते.

एक गोष्ट मात्र आपल्यालाच सांभाळावी लागते. देणगी दिली नसेल तर नवी आवृत्ती आल्याचं फक्त कळवलं जातं, डाउनलोड करून टाकायची आपणच. मी आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या मशीनवर आवृत्ती बघते.

आणि पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या, प्रती विसरू नका. गेल्या वर्षी प्लेटच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये एक पेनड्राइव्ह सापडला, त्यात विनएससीपी ५.१५ आणि शेजारी आमची जुनी पीपीके फाइल, म्हणजे तीच जुनी किल्ली. तुमच्याकडे अशी फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत प्रकार लिहिलेला असतो. शेवटी पी५२१ दिसलं आणि ती कधी जुन्या आवृत्तीतून वापरली गेली असेल, तर ती कुठल्या कुठल्या सर्व्हरवर आहे याची यादी आजच करायला घ्या.