पोर्टेबल प्रोजेक्टर घेताना: आधी भिंत मोजा, मग लुमेन बघा

खोक्यावर ‘२०० इंचांपर्यंत चित्र’ असं छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. प्रोजेक्टर मागे नेत गेलं की चित्र मोठं होतच जातं. प्रकाश मात्र तेवढाच राहतो आणि जास्त जागेवर पसरून फिका पडतो. त्यामुळे छोट्या, एका हातात मावणाऱ्या प्रोजेक्टरबाबत विचारायचा खरा प्रश्न असा, की याचं चित्र किती इंचांपर्यंत बघवेल?

याचं उत्तर गणिताने मिळतं. डिजिटल सिनेमागृहात पडद्याची उजळी ४८ निट्स धरतात. साध्या पांढऱ्या मॅट पडद्यावर तेवढी उजळी हवी असेल तर दर चौरस मीटरला साधारण १५० लुमेन (यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप) लागतात. १६:९ प्रमाणातलं १०० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) चित्र २२१ सेंमी रुंद आणि १२५ सेंमी उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटरचं असतं. ८० इंची चित्र त्यापेक्षा एक चौरस मीटरने लहान भरतं. आता हातात घेऊन फिरता येतील अशी चार यंत्रं घेऊ. अँकरच्या नेब्युला कॅप्सूल ३ चे २०० एएनएसआय लुमेन (मोजण्याची एक ठरलेली पद्धत; पुढे येईलच) सुमारे ७० इंचांना पुरतात, सॅमसंग फ्रीस्टाइलचे २३० सुमारे ७५ इंचांना. बेनक्यू जीव्ही३१ चे ३०० लुमेन ८५ इंचांपर्यंत जातात आणि एक्सजिमी मोगो २ प्रोचे ४०० आयएसओ लुमेन जवळजवळ १०० इंचांपर्यंत. हे सगळं खोली पूर्ण अंधारी असताना. ट्यूबलाइट चालू ठेवलीत तर यातलं एकही यंत्र कामाचं नाही, कारण काळा रंग म्हणजे भिंतीवर प्रकाश न पडणं, आणि ट्यूबचा प्रकाश नेमका तिथेच पडतो. चित्र मातकट दिसतं.

लुमेनच्या आकड्यामागचा शब्द नीट वाचा. फ्रीस्टाइलचंच उदाहरण घ्या: ५५० ‘एलईडी लुमेन’ आणि २३० एएनएसआय लुमेन हे दोन्ही आकडे त्याच एका यंत्राचे. एलईडी लुमेन डोळ्यांना जाणवणाऱ्या उजळीच्या अंदाजावर काढतात, एएनएसआय आणि आयएसओ ठरलेल्या पद्धतीने मोजतात. आकड्यापुढे नुसतंच ‘लुमेन’ असेल, तेही आठ-दहा हजार, तर तो आकडा बाजूला ठेवा. आपण स्वतः मोजणं अवघड नाही. चित्र बरोबर १३३ सेंमी रुंद करा, म्हणजे ते ६० इंची आणि जवळजवळ एक चौरस मीटर क्षेत्रफळाचं होतं. पूर्ण पांढरी स्लाइड लावा, चित्राचे तीन बाय तीन असे नऊ भाग कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मीटर (पडणारा प्रकाश मोजणारं उपकरण) प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा आणि सरासरी काढा. येणारा आकडा हेच लुमेन. फोनवरचं ॲप वापरलंत तर आकडा ढोबळ येतो, पण दोन यंत्रांची तुलना करायला तेवढं पुरतं.

सर्वांत स्वस्त, नळकांड्यासारखे जे प्रोजेक्टर ऑनलाइन दिसतात त्यांत बहुधा एकच एलसीडी पॅनल असतं. वरच्या चारही यंत्रांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएलपी चिप आहे, जिच्यावरचे सूक्ष्म आरसे प्रकाश परावर्तित करतात. स्वस्त एलसीडीत प्रकाश पॅनलमधून आरपार जातो आणि त्यातला बराचसा तिथेच उष्णता होऊन अडकतो. मग पंखा बाहेरची हवा थेट पॅनलवर सोडतो आणि हवेबरोबर धूळ आत येते. काही महिन्यांनी सिनेमातल्या अंधाऱ्या दृश्यांत राखाडी ठिपके दिसू लागतात, ते हेच. पुढे पॅनलवरची ध्रुवीकरणाची फिल्म उष्णतेने करपली की चित्राच्या मध्यावर पिवळट डाग पडतो आणि तो दुरुस्त होत नाही. असं यंत्र घ्यायचंच असेल तर ‘सील्ड ऑप्टिकल इंजिन’, म्हणजे आत धूळ न जाणारी बंद रचना, असलेलं घ्या. ‘४के सपोर्ट’ या शब्दांना भुलू नका. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे यंत्रात प्रत्यक्ष किती पिक्सेल आहेत, ते विचारा. १२८०×७२० असेल तर ४के फाइल चालेल, दिसेल मात्र ७२०च. स्वस्त लेन्समध्ये मधली अक्षरं स्वच्छ आणि कोपऱ्यातली पुसट दिसतात, म्हणून पेनड्राइव्हवर बारीक आकड्यांच्या तक्त्याचा एक फोटो नेऊन चारही कोपरे वाचून बघा. सिनेमाच्या ट्रेलरवर हा दोष लपतो.

बॅटरीबाबत सर्वांत जास्त फसगत होते. पोर्टेबल म्हणजे बॅटरीवर चालणारा असं गृहीत धरलं जातं, पण फ्रीस्टाइल आणि मोगो २ प्रो या दोन्हींत बॅटरी नाही. मोगोला यूएसबी-सी पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, जास्त वॉट देणारी पद्धत) ६५ वॉटचा पुरवठा लागतो, म्हणजे २० व्होल्टला सव्वातीन अँपिअर. २२.५ वॉटची नेहमीची पॉवर बँक इथे उपयोगाची नाही. केबलही पाच अँपिअरची घ्या, कारण साधी सी-टू-सी केबल तीन अँपिअरपर्यंतच, म्हणजे ६० वॉट देते. मग यंत्र सुरूच होत नाही किंवा मध्येच बंद पडतं. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. दहा-पंधरा टक्के तूट धरली तर ५० वॉट खाणारं यंत्र सव्वा तास चालेल. हिंदी सिनेमाचं मध्यंतर कसंबसं गाठता येईल. कॅप्सूल ३ मध्ये ५२ वॉट-तासांची बॅटरी आहे आणि कंपनी अडीच तास सांगते. जीव्ही३१ साठी तीन तास. हे आकडे उजळी कमी केलेल्या मोडचे असतात हे लक्षात ठेवून वरच्या गणितातले इंच त्या मानाने कमी करा. विमानाने नेताना बॅटरीवाला प्रोजेक्टर चेक-इन सामानात टाकू नका, केबिन बॅगेतच ठेवा. १०० वॉट-तासांच्या मर्यादेत तो आरामात बसतो.

खेळ बघायचा की मालिका, यावरही निवड बदलते. मोगो २ प्रोमध्ये अँड्रॉइड टीव्ही असला तरी नेटफ्लिक्सचं अधिकृत ॲप मिळत नाही. कॅप्सूल ३ च्या गूगल टीव्ही आवृत्तीत आणि फ्रीस्टाइलमध्ये ते आहे. फोनचा स्क्रीन मिरर करून भागेल असं समजू नका, कॉपी-संरक्षणामुळे चित्र काळं येतं आणि नुसता आवाज ऐकू येतो. फायर टीव्ही स्टिक लावणार असाल तर तिला तिचा स्वतःचा अडॅप्टर द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीतून पुरेसा करंट न मिळाल्यास ती पुन्हापुन्हा रीस्टार्ट होते. फ्रीस्टाइलला मायक्रो एचडीएमआय आहे, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स जोडायचा तर वेगळी केबल आधीच आणून ठेवा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे पडत असेल आणि यंत्राला सॉकेट असेल, तर साधी ३.५ मिमीची वायर लावा.

आपोआप चित्र चौकोनी करणारं कीस्टोन सोयीचं आहे, पण फुकट नाही. तिरकं पडलेलं चित्र सरळ करताना यंत्र पॅनलच्या कडेचे पिक्सेल बंद करतं, म्हणजे रिझोल्यूशनही जातं आणि उजळीही. जिथे २०० लुमेनच आहेत तिथे ही चैन परवडत नाही. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवा. या वर्गातल्या बहुतेकांचा थ्रो रेशो १.२ च्या आसपास असतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतर लागतं: ७५ इंचांना दोन मीटर, १०० इंचांना २६५ सेंमी. दहा फुटी खोलीत हे बसतं. लस्टर किंवा ऑइल पेंटच्या भिंतीवर मध्ये चमक येते आणि क्रीम रंगावर सगळेच चेहरे पिवळे होतात. चादर बांधायची तर तिच्यामागे काळं कापड लावा, नाहीतर बराच प्रकाश आरपार निघून जातो.

आमचा कौल असा. प्लगजवळच बसणार असाल तर मोगो २ प्रो, कारण प्रकाश सर्वांत जास्त. वायर नको असेल तर जीव्ही३१. त्याचं तोंड १३५ अंश वळत असल्याने अंथरुणावर पडून छतावर बघायलाही सोपा. वजन मात्र दीड किलोहून अधिक. रेल्वे-विमानाच्या बॅगेत टाकायचा असेल तरच कॅप्सूल ३. परदेशातून मागवणार असाल तर हमी भारतात चालते का, हे आधी लेखी घ्या.

गच्चीवर आयपीएल बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे. मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि सामना साडेसातला सुरू होतो. संधिप्रकाशात पहिली काही षटकं फिकीच दिसणार, तेव्हा चित्र ६० इंचांवर ठेवा आणि अंधार झाल्यावर प्रोजेक्टर मागे घ्या. बहुतेक पुस्तिकांत चालवण्याचं कमाल तापमान ३५ किंवा ४० अंश दिलेलं असतं. नागपूर-अकोल्याकडे तापलेल्या स्लॅबवर ते रात्री आठलाही ओलांडलं जातं, मग यंत्र आधी उजळी कमी करतं आणि नंतर बंद होतं. जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा आणि पंख्याच्या जाळीसमोर हातभर मोकळी जागा सोडा.