अर्धा दिवस हातात आहे: छोटं म्युझियम बघू की प्रसिद्ध स्थळ?

खोली सकाळीच सोडलेली, परतीची गाडी संध्याकाळची. मधले चार-पाच तास मोकळे आणि शहर अनोळखी. फोनवर शोधलं की दोन प्रकारची नावं पुढे येतात. एक म्हणजे ज्याच्यापुढे उभं राहून सगळे फोटो काढतात ते स्थळ: मनोरा, पुतळा, दरवाजा, स्तूप. दुसरं म्हणजे कुठल्याशा गल्लीतलं छोटं म्युझियम, ज्याला मोजकेच अभिप्राय आणि त्यातला एक हमखास 'आम्ही गेलो तेव्हा बंद होतं' असा. दोन्ही होणार नसेल तर कुठे जावं?

माझा कल म्युझियमकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तो डोळे झाकून नाही. निवडताना मी स्वतःला एवढंच विचारते की या दोन्हींतलं फोटोत काय मावत नाही? जे मावत नाही त्यासाठीच पायपीट करायची. बाकीचं घरी बसून दिसतं.

स्थळांच्या बाबतीत फोटोत न मावणारी गोष्ट म्हणजे आकार आणि भोवताल. सारनाथचा धामेक स्तूप सुमारे 43 मीटर उंच आहे. फोटोत तो विटा-दगडांचा एक जाडजूड नळकांडा वाटतो. पायथ्याशी उभं राहून मान वर केली की मग त्याचा धाक कळतो. म्युझियममधल्या वस्तूचं उलट असतं. तिचा आकार फोटोवरून साधारण कळतो, पण तिची मागची बाजू, कडेची झीज, छिन्नीचे घाव हे जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

सारनाथचंच उदाहरण पुढे नेते, कारण तिथे हा पेच अगदी समोरासमोर उभा आहे. उत्खनन झालेला परिसर आणि म्युझियम एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. बरेच जण स्तूप बघतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीत बसतात. पण 1904-05 च्या उत्खननात मिळालेलं अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष म्युझियममध्ये आहे, आणि स्तंभाचे तुकडे मात्र बाहेर, मूळ जागी. म्हणजे धड एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. आपलं राजचिन्ह रोज नोटांवर, नाण्यांवर, सरकारी कागदांवर बघून आपल्याला वाटतं की ते पाठ आहे. त्यात तीन सिंह दिसतात, चौथा मागे लपलेला. हे बहुतेकांना माहीत असतं. पण सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर चार प्राणी कोरलेले आहेत आणि राजचिन्हात त्यातले बैल आणि घोडा एवढेच दिसतात. हत्ती आणि सिंह बाजूंना वळून गेलेले. सिंहांच्या खालचं उलट्या कमळासारखं घंटाकृती अंगसुद्धा चिन्हात घेतलेलं नाही. या एका दगडासाठी मी स्तूप सोडेन का? वेळ तासाभराचाच असेल तर हो, सोडेन. स्तूप तर कुंपणाबाहेरूनही थोडाफार दिसतो. मात्र शुक्रवारी गेलात तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, त्या दिवशी म्युझियम बंद असतं.

फ्लोरेन्समध्ये हाच पेच वेगळ्या रूपात भेटतो. मायकलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा 1504 मध्ये शहराच्या मुख्य चौकात उभा राहिला. ऊनपावसाने खराब होतो म्हणून 1873 मध्ये त्याला अकादेमिया या कलादालनात हलवलं आणि 1910 पासून चौकात त्याची प्रतिकृती आहे. दालनात तिकीट काढा, रांग लावा. चौकात फुकट. जाणकार म्हणतील, हा काय प्रश्न झाला, अस्सल तेच बघायचं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. चौकातला डेव्हिड खोटा आहे, पण जागा खरी आहे. नगरपालिकेच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर तो कसा दिसत असेल ते तिथेच कळतं. दालनातला डेव्हिड खरा आहे, पण त्याची जागा खोटी. हाताच्या फुगलेल्या शिरा बघायच्या असतील तर आत जा. हा पुतळा या शहराने स्वतःच्या दारात का उभा केला, हे समजून घ्यायचं असेल तर बाहेर थांबा. वेळ कमी असेल तर बाहेर थांबण्यात मला कमीपणा वाटत नाही.

त्याच चौकापासून नदीच्या बाजूला थोडं चाललं की म्युझेओ गॅलिलिओ आहे. उफिझी या जगप्रसिद्ध कलादालनाच्या अगदी पाठीशी, त्यामुळे उफिझीच्या रांगेतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तिथे गॅलिलिओच्या दुर्बिणी आहेत आणि काचेच्या अंड्यात ठेवलेलं त्याचं बोट आहे. उजव्या हाताचं मधलं. 1737 मध्ये त्याचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या समाधीत हलवताना कुणीतरी ते काढून घेतलं. ज्या माणसाला चर्चने दोषी ठरवलं, त्याचं बोट संतांच्या अवशेषांसारखं जपलेलं! हे बघायला अर्धा तास पुरतो. उफिझीला अर्धा दिवसही कमीच.

इथे मोठ्या म्युझियमबद्दल दोन शब्द, कारण यादीत तेच सगळ्यात वर दिसतं. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये साधारण 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला दहा सेकंद दिले तरी जवळजवळ 97 तास होतात. म्हणून मग माणसं थेट मोनालिसाकडे धावतात. ते चित्र 77 बाय 53 सेंटिमीटरचं, काचेआड, आणि समोर उंचावलेल्या फोनांचं रान. अर्धा दिवसच असेल तर अशा ठिकाणी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय दुखतात, डोकं भणभणतं, आणि विचारलं तर लक्षात राहिलेल्या वस्तू पाचसुद्धा निघत नाहीत.

छोटं म्युझियम मात्र पूर्ण बघून होतं, आणि त्यातही प्रकार आहेत. मला सगळ्यात जास्त आवडतात ती एका माणसाच्या नादातून उभी राहिलेली. लंडनमधलं सर जॉन सोन यांचं म्युझियम म्हणजे त्या वास्तुविशारदाचं राहतं घर. त्यांनी 1833 मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला की आपल्यामागे घर जसंच्या तसं राखलं जावं. एका खोलीच्या भिंती दारासारख्या उघडतात आणि मागे आणखी चित्रं निघतात. तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने किंमत परवडत नाही म्हणून नाकारली आणि या गृहस्थाने घेतली. एवढंच नाही, ती घरी आल्याच्या आनंदात 1825 मध्ये दिव्यांच्या उजेडात तीन संध्याकाळी मेजवान्या दिल्या.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय त्याच जातकुळीतलं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहाला नाव दिलं आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. हे माहीत झालं की तिथल्या अडकित्त्यांच्या रांगेकडे बघण्याची नजर बदलते. अशा ठिकाणी वस्तूंइतकाच तो गोळा करणारा माणूस बघायचा असतो. म्हणून आत शिरल्यावर आधी त्याची माहिती वाचा, मग कपाटांकडे वळा.

दुसरा प्रकार म्हणजे उत्खननाच्या किंवा अवशेषांच्या जागेला लागून असलेलं म्युझियम. इथे निवडीपेक्षा क्रम महत्त्वाचा. हंपीचे अवशेष एवढे पसरलेले आहेत की दोन दिवस फिरूनही कुठलं देऊळ कुठल्या टेकडीआड होतं ते सांगता येत नाही. जवळच कमलापूरच्या म्युझियममध्ये त्या सगळ्या प्रदेशाची लहान प्रतिकृती मांडलेली आहे. ती आधी बघितली तर पुढची भटकंती सोपी होते. बहुतेक लोक ती शेवटी बघतात, किंवा बघतच नाहीत.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर तर या बाबतीत नमुनाच. बाहेर विटांचं त्रिविक्रम मंदिर, मुळात चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या घाटाचं, आणि गोरोबाकाकांचं देऊळ. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं म्युझियम, त्यात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आणि मणी. तेरला मिळालेली एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत 1938 मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी विलक्षण मिळतीजुळती आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये गाडलं गेलं. म्हणजे तेव्हाच्या व्यापाराचे धागे कुठवर पोचले होते ते बघा. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या मोठ्या म्युझियममध्ये आहे आणि तिथे तिच्यापुढे जगभरचे लोक थांबतात. तिचं नातं सांगणारी तेरची मूर्ती ठाऊक असलेले किती निघतील? इथे मी म्युझियम आधी, मंदिर नंतर असंच सांगेन.

तिसरा प्रकार, एखाद्या विषयाला वाहिलेलं. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये तुटलेल्या नात्यांचं म्युझियम आहे. लोकांनी पाठवलेल्या साध्या वस्तू आणि शेजारी त्यांची गोष्ट. वस्तू म्हणून त्यांना काडीची किंमत नाही, सगळा जीव मजकुरात. वाचायचा कंटाळा असेल तर अशा ठिकाणी जाऊच नका, त्यापेक्षा चौकात बसलेलं बरं.

आणि एक चौथा, ज्यापासून सावध केलं पाहिजे: स्थळाच्या दाराशीच थाटलेली 'म्युझियम' नावाची दुकानदारी. मेणाचे ओळखू न येणारे पुतळे, भिंतीवर रंगवलेले भ्रम, शेवटी विक्रीचा कक्ष. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 2022 मध्ये प्राग इथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली तिच्यात ना-नफा आणि कायमस्वरूपी असणं अपेक्षित आहे. दारावर कोण व्याख्या तपासणार म्हणा, पण एक ओळखायची खूण आहे. वस्तूशेजारच्या पाटीवर ती कुठे मिळाली, कधीची आहे आणि संग्रह क्रमांक काय, यातलं काहीच नसेल तर पाय मागे घ्या.

आता स्थळांच्या बाजूने. काही ठिकाणी तुलना करणंच हास्यास्पद आहे. ताजमहालला पर्याय नाही (त्याच्या आवारातही एक छोटं म्युझियम आहे, पण घुमट सोडून कुणी तिकडे जावं असं मी म्हणणार नाही). सोबत धावणारी लहान मुलं असतील तर मोकळं आवार म्युझियमपेक्षा शंभर पटींनी बरं. स्थळ अजून वापरात असेल, म्हणजे माणसं तिथे प्रार्थना करतात, बाजार भरवतात, नुसती टेकतात, तर तेही स्थळाच्याच पारड्यात. तासापेक्षा कमी वेळ असेल तरीही स्थळच, कारण म्युझियममध्ये नजर बसायलाच पहिली पंधरा मिनिटं जातात.

पण प्रसिद्धीला भुलून गेलात तर हिरमोडही स्थळांवरच जास्त होतो. कोपनहेगनची जलपरी जेमतेम सव्वा मीटर उंचीची आहे. ब्रुसेल्सचा शू करणारा पोरगा तर दोन फुटांच्या आसपास, आणि रस्त्यावरचा तो मूळचा नव्हेच. मूळ पुतळा शहराच्या म्युझियममध्ये आहे. गंमत म्हणजे त्या पोराला जगभरातून भेट आलेले पोशाख हजाराच्या वर आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळं छोटं म्युझियम काढलेलं आहे. पुतळ्यापुढे दोन मिनिटं, पोशाखांपुढे वीस. मला तरी हे प्रमाण बरोबर वाटतं.

म्युझियमचा पक्ष लंगडा पडतो तो वेळापत्रकात. सुट्टीचा वार सगळीकडे वेगळा. बऱ्याच ठिकाणी सोमवार, लूव्रला मंगळवार, हैदराबादच्या सालारजंगला शुक्रवार. छोट्या ठिकाणी तर किल्लीवाला माणूस जेवायला गेला तरी दार बंद. इंटरनेटवरची वेळ खरी धरू नका, आदल्या दिवशी फोन करा. मी एकदा असा फोन न करता गेले आणि बंद दाराच्या फटीतून एका वीरगळाचं कोपर तेवढं बघून परतले.

उघडं मिळालं तरी आत अंधुक असतं आणि लोक वैतागतात. तो दर वेळी कंजूषपणा नसतो. कापड, कागद, जुनी चित्रं उजेडाने विटतात, म्हणून त्यांच्यावर साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच प्रकाश ठेवायचा रिवाज आहे. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. पायऱ्या मात्र जपून. जुन्या वाड्यांत, घरांत असलेल्या म्युझियमना लिफ्ट क्वचितच असते, त्यामुळे गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर तेही फोनवरच विचारून घ्या.

दोन्ही थोडं थोडं जमणार असेल तर भर उन्हाचे तास म्युझियमला द्या आणि सावल्या लांबल्या की स्थळाकडे निघा. तोवर सहलीच्या बसगाड्या पांगलेल्या असतात, आणि तिरक्या उजेडात दगडावरचं कोरीवकाम दुपारपेक्षा कितीतरी उठून दिसतं. फक्त म्युझियमचं शेवटचं तिकीट बंद व्हायच्या किती आधी देतात, ते दारात विचारायला विसरू नका.