यूएसएजॉब्स: शोध भाबडा, पण पर्याय नाही

अमेरिकी हवाई दलातलं एअरफील्ड मॅनेजमेंट, म्हणजे धावपट्ट्या आणि त्यांचा परिसर सांभाळण्याचं काम, सोडून तिथल्याच केंद्र सरकारच्या नागरी नोकरीत जायचं, तर यूएसएजॉब्स हे सरकारी संकेतस्थळ टाळता येत नाही. ते मोफत आहे. शोध मात्र भाबडा: 'एअरफील्ड' टाकलं की नको त्या जाहिरातींचाही ढीग पडतो. त्यापेक्षा पदमालिकेचा, म्हणजे एकसारख्या कामांच्या गटाचा, सरकारी क्रमांक टाका. २१५० आणि २१०१ या वाहतुकीच्या मालिका आधी चाळा. २१५२ म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल. कंट्रोलरचं काम केलेलं नसेल तर तिकडे फिरकू नका. शोध सेव्ह करून रोजचा ईमेल लावाच, कारण काही जाहिराती ठरावीक अर्ज आले की मुदतीआधीच बंद होतात.

खरी गोची रेझ्युमेत आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून दोनच पानं चालतात. त्यातच प्रत्येक कामाचे महिना-वर्ष आणि आठवड्याचे तास बसवायचे. तास राहिले तर अनुभव मोजणं अडतं. पहिली चाळणी एचआरची असते आणि त्यांना लष्करी संक्षेप कळतीलच असं नाही. 'एएमओपीएसमध्ये (एअरफील्ड मॅनेजमेंट ऑपरेशन्स) शिफ्ट लीड' वाचून त्यांना काय बोध होणार? त्याऐवजी 'धावपट्टी व टॅक्सीवेची रोजची तपासणी. फरसबंदी, दिवे, खुणा, पक्षी यांच्या नोंदी. दोष दिसताच नोटॅमची (वैमानिकांसाठीच्या सूचनेची) कार्यवाही' असं लिहा, पुढे खरे आकडे. एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाच्या विमानतळांसाठीच्या नियमांत, भाग १३९ मध्ये, कलम ३२७ स्वयंतपासणीचंच आहे. शब्द तिथले घ्या. जाहिरातीतली 'विशेष अनुभवा'ची अट म्हणजे बहुधा एक ग्रेड (वेतनश्रेणी) खालच्या तोडीचं एक वर्षाचं काम. प्रश्नावलीत स्वतःला 'तज्ज्ञ' म्हणवलंत आणि रेझ्युमेत पुरावा नसला, तर गुण कापले जातात.

कागदपत्रांत डीडी-२१४ या लष्करी सेवामुक्तीच्या दाखल्याची मेंबर-४ प्रत जोडा. सेवा सन्मानाने संपली की कशी, याचा शेरा तिच्यावर असतो. अजून सेवेत असाल तर १२० दिवसांत सन्मानाने सुटका अपेक्षित असल्याचं पत्र चालतं. माजी सैनिकांना मिळणाऱ्या दहा गुणांच्या प्राधान्यासाठी एसएफ-१५ हा फॉर्म वेगळा लागतो.

सगळ्यात कच्चा भाग अर्जाच्या स्थितीचा. 'रेफर्ड' दिसलं म्हणजे अर्ज निवड करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, एवढंच. मुलाखत ठरली असं नाही. ती ओळ पुढे बराच काळ हलत नाही. जाहिरातीच्या तळाशी संपर्काचा ईमेल असतो, जाहिरात क्रमांक टाकून तिथेच विचारा. आणि जाहिरात बंद झाल्यावर शोधात सापडणं अवघड जातं, म्हणून अर्ज करतानाच तिची पीडीएफ काढून ठेवा.