स्वच्छतागृह शोधून देणारे अ‍ॅप: सांगलीतील तीन आठवड्यांचा अनुभव

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून आई वॉकर घेऊन चालते, आणि बाजारात निघायचे ठरले की ती सकाळपासून पाणी पिणेच टाळते. तिची ही सवय मोडावी म्हणून मी सार्वजनिक स्वच्छतागृहे दाखवणारे एक अ‍ॅप घेतले आणि तीन आठवडे हरभट रोड, गणपती पेठ व विश्रामबाग परिसरात वापरून पाहिले.

नकाशा चटकन उघडतो, मराठी सोपी आहे आणि नेट गेले तरी आधी पाहिलेली ठिकाणे दिसत राहतात. सर्वांत जवळचे ठिकाण दाखवण्याचे काम ते चोख करते.

अडचण येते ती ‘दिव्यांगांसाठी सोयीचे’ या निळ्या खुणेपाशी. तिच्या भरवशावर आम्ही बाजारातील एका स्वच्छतागृहापर्यंत गेलो. दारात 15 सेंटीमीटरची पायरी होती. उताराचे प्रमाण एकास बारा असावे हा नियम धरला, तर एवढ्या पायरीला जवळजवळ 1.8 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तेथे मात्र दोन पावलांत संपणारा, गुळगुळीत फरशीचा उतार केला होता. मी मागून आईची कंबर धरली, तेव्हा ती वर चढली. आत भारतीय बैठक होती आणि कमोडच्या खोलीला कुलूप होते. शेजारच्या पानपट्टीवाल्याने आमची धांदल पाहून गल्ल्यातून चावी काढून दिली. “चावी माझ्याकडंच असती मावशी, पण कुणी इचारतच न्हाई,” तो म्हणाला.

ही चावी कोणाकडे असते, हेच अ‍ॅपने सांगायला हवे होते. सोयीचे आहे की नाही एवढे एकच उत्तर कोणाच्याच कामाचे नाही, कारण वॉकरवाल्याला कमोड आणि भिंतीवरचा पकडदांडा हवा असतो, तर चाकाच्या खुर्चीला 90 सेंटीमीटर रुंद दार आणि आत वळायला दीड मीटर जागा लागते. आतली कडी लागते का, पॅड टाकायला डबा आहे का, संध्याकाळी दिवा असतो का, हे प्रश्न प्रत्येक बाईच्या मनात असतात, पण नोंदीत त्यांना रकानाच नाही. तृतीयपंथीयांना सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्यता दिली, तरी येथे ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ एवढेच पर्याय आहेत. कोणालाही वापरता येईल अशी स्वतंत्र खोली कोठे आहे, हे शोधता येत नाही.

माझ्या एका अंध मैत्रिणीने टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून हे अ‍ॅप उघडले, तर प्रत्येक खुणेवर तिला फक्त “बटण, बटण” असे ऐकू आले. बटणांना नावे देणे हे प्रोग्रामरचे फार मोठे काम नव्हे, म्हणून ही चूक मला अधिक खटकते. उघडे आणि बंद यांतला फरकही केवळ हिरव्या-लाल रंगाने दाखवला आहे. शेजारी तसा शब्द लिहिला असता, तर रंग ओळखू न येणाऱ्यांचीही सोय झाली असती.

चुकीची नोंद कळवण्यासाठी आधी मोबाईल क्रमांक देऊन खाते उघडावे लागते. मी ते उघडले आणि पायरीचा फोटो, चावीची माहिती व कमोडची खोली अशी सविस्तर नोंद पाठवली. आज नऊ दिवस झाले, तरी नकाशावर ती जुनी निळी खूण तशीच आहे.

पाचपैकी अडीच तारे. धडधाकट माणसाने अ‍ॅप खुशाल घ्यावे. ज्येष्ठांना किंवा दिव्यांगांना घेऊन निघणाऱ्यांनी मात्र निळ्या खुणेवर विसंबू नये आणि एकाने पुढे जाऊन दार, कुलूप व बैठक आधी पाहून यावी.