आयपीआरएसचं सभासदत्व : एका हळदीच्या गाण्याचा हिशेब

मी सांगलीत शाळेत मराठी शिकवते आणि गाणी लिहिते. माझं हळदीचं एक गाणं एका म्युझिक लेबलनं 5 हजार रुपयांना घेतलं. करारात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असं होतं. मी सही केली. यूट्यूबवर गाणं चाललं तेव्हा हिशेब विचारला, तर उत्तर आलं, “मॅडम, तुमचं मानधन दिलंय की.” एका संगीतकार मित्रानं तेव्हा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं नाव सांगितलं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करून त्यांना वाटणारी ही कॉपीराइट सोसायटी.

रेकॉर्डिंगची मालकी लेबलची, शब्द आणि चालीची मालकी वेगळी. लेबलं तीही लिहून घेतात. पण कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडताच येत नाही. तसं कलम करारात घातलं तरी ते रद्दबातल. हा वाटा फक्त वारसांना किंवा वसुली-वाटपासाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. सही करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

आयपीआरएसच्या सभासदत्वाचा अर्ज ऑनलाइन भरला. खरं काम त्यानंतरचं : एकेक गाणं नोंदवणं. लेबलनं यूट्यूबवर गीतकार म्हणून माझं नावच दिलं नव्हतं. तीन मेल पाठवून आधी ते घालून घेतलं. नाव नसेल तर पैसे कुणाचे हे सोसायटीला कळणार कसं?

पहिल्या खेपेला खात्यात 1,164 रुपये आले. स्टाफरूममध्ये बसून मी त्याचा तक्ता ओळ न ओळ वाचला. माझ्या शब्दांचा हिशेब मला पहिल्यांदाच कुणीतरी दिला होता.

हे गाणं सर्वांत जास्त वाजतं ते लग्नघरी, आणि तिथली रॉयल्टी मिळत नाही. लग्नसमारंभाला कायद्यानंच सूट दिली आहे, आणि ती मला मान्य आहे. गायकांनी मात्र आयपीआरएसकडे येऊ नये, त्यांची सोसायटी वेगळी आहे.

वारस म्हणून लेकीचं नाव दिलंय. शब्दांवरचा हक्क माझ्यानंतर 60 वर्षं राहतो. जुनी 9 गाणी नोंदवायची बाकी आहेत, ती मे महिन्याच्या सुट्टीत करणार.