स्कुबा शिकायचं तर कुठं: मालवण, हॅवलॉक की को ताओ?

"इथं प्यायला पाणी नाही, अन् तू पैसे भरून पाण्यात बुडायला चाललीस?" मी पहिल्यांदा स्कुबाचं, म्हणजे हवेचं सिलिंडर पाठीला बांधून पाण्याखाली उतरण्याचं, नाव काढलं तेव्हा आई असं म्हणाली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आम्ही लातुरातच होतो. त्यामुळं तिचं म्हणणं मला पुरतं कळत होतं. पण पाण्याची ओढही त्याच उन्हाळ्यानं लावली.

आता भाच्याचा फोन आला: "मावशी, पंधरा दिवसांची सुट्टी आहे. पाठीवर एक बॅग टाकून निघायचंय. स्कुबा शिकायला कुठं जाऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते. तिन्ही ठिकाणी मी पाण्यात उतरले आहे. मालवणला पहिली डुबकी मारली, अंदमानातल्या हॅवलॉकला कोर्स केला आणि थायलंडमधल्या को ताओला त्याच्या पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स.

आधी एक घोळ निस्तरू. मालवणला जाऊन बहुतेक लोक जी करून येतात ती ओळखीची डुबकी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, थोड्याशा खोलीवर, प्रशिक्षक तुमचं सिलिंडर धरून फिरवून आणतो. तुम्ही फक्त तोंडानं श्वास घ्यायचा. व्हिडिओ मिळतो, मासे दिसतात, आनंद होतो. पण शिकून काही होत नाही. शिकणं म्हणजे 'ओपन वॉटर' कोर्स. तो साधारण तीन-चार दिवसांचा असतो. आधी थिअरी, मग पोहण्याच्या तलावात किंवा उथळ पाण्यात सराव आणि शेवटी समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, त्याला वेळेचं बंधन नसतं, आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. पास झालात की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरायचं कार्ड मिळतं. ते संपत नाही, जगात कुठंही चालतं.

मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथं कोर्सही होतो. आपल्याकडून सोलापूर, कोल्हापूर करत रात्रभराच्या प्रवासात पोचता येतं आणि खर्चही सगळ्यांत कमी. तरी पंधरा दिवस हातात असलेल्याला मी फक्त मालवणवर थांबायला सांगणार नाही, कारण तिथं पाणी बरेचदा गढूळ असतं. पहिल्यांदा शिकताना प्रशिक्षकाचा हात स्पष्ट दिसणं फार महत्त्वाचं. मात्र आपल्याला पाण्याखाली जमतंय की जीव घाबरतोय एवढंच बघायचं असेल, तर कोर्सवर तीस हजार घालवण्याआधी मालवणला एक डुबकी मारून या. बोटीत बसताना लाइफ जॅकेट घालूनच बसा आणि गर्दीच्या बोटीत चढू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि पर्यटकांचे जीव गेले. ते पाण्याखाली असताना नव्हे, बोटीनं किनाऱ्याकडे येताना गेले. म्हणून हे सांगते.

माझी तिथली डुबकी फसली ती सर्दीमुळं. नाक चोंदलेलं असताना मी हट्टानं उतरले. तीनेक मीटरवर कानात कुणीतरी दाभण घालतंय असं वाटलं. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाएवढा वाढतो आणि सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो. उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे करायचे, मग पुढं जायचं. सर्दीत ते होत नाही. ज्यानं मला उतरवलं त्यानं सर्दी आहे का, हे विचारलंच नव्हतं. हा प्रश्न न विचारणाऱ्याकडं जाऊ नका, मग ते गाव कुठलंही असो.

आता मराठवाड्यातल्या माणसाचा खास मुद्दा, म्हणजे विहीर. आपल्यातले बरेच जण विहिरीत पोहायला शिकले. मला आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं होतं. त्यातून भीती जाते, हे मोठंच काम आहे. पण विहिरीत आपण शिकतो ते श्वास कोंडून सूर मारायला आणि हातपाय झाडत कडेला यायला. स्कुबात या दोन्ही सवयी मोडाव्या लागतात. पहिला नियमच असा की श्वास कधीही कोंडायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि कोंडलेला श्वास इजा करतो. आणि हातपाय झाडले की सिलिंडरमधली हवा भराभर संपते.

मला सगळ्यात जड गेला तो मास्कचा सराव. गुडघ्यावर वाळूत बसायचं, मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं, आधी नाकापर्यंत, मग डोळ्यांवरही. त्यानंतर वरची कड दाबून नाकानं फुंकून ते बाहेर काढायचं. विहिरीत नाकात पाणी गेलं की वर यायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की पहिल्या तीन वेळा मी उठूनच उभी राहिले. प्रशिक्षक मुलगा काही बोलला नाही. चौथ्या वेळी त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली, स्वतःच्या मास्कमध्ये पाणी भरलं आणि माझ्याकडं बघत सावकाश श्वास घेत राहिला. बुडबुड्यांचा आवाज ऐकत मीही घेत राहिले आणि जमलं. हे हॅवलॉकच्या दोन नंबर बीचवर झालं, जिथं नेमो रीफला (प्रवाळाच्या पट्ट्याला) वाळूचा हलका उतार आहे आणि पाणी स्वच्छ.

म्हणून माझा निकाल: पहिला कोर्स हॅवलॉकला. (आता नाव स्वराज द्वीप, पण तिकीट शोधताना दोन्ही नावं लागतात.) तिथं थिअरी हिंदीत समजावून मिळते आणि घाबरलेल्या माणसाला पाण्यावर डोकं काढल्यावर आपल्या कळत्या भाषेत धीर मिळतो. पाण्याखाली अर्थातच खुणा. एक खूण तर घरूनच शिकून जा: आपल्याकडं सगळं ठीक असलं की अंगठा वर करतो, तिथं अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. आमच्या गटातल्या नांदेडच्या एका काकांनी खुशीत अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक त्यांना लगेच वर घेऊन गेला.

पोचायला हैदराबाद, तिथून चेन्नईमार्गे विमानानं श्री विजय पुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, आणि पुढं दोनेक तासांची बोट. उदगीर-नांदेडकडच्यांना मुंबईपेक्षा हे सोपं. बोटीचं तिकीट आधीच काढा. जेवण भात-मासळीचं जास्त, कारण बेटावर पूर्व बंगालातून आलेली वस्ती मोठी आहे, पण शाकाहारीही मिळतं. पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या.

को ताओ हे थायलंडच्या आखातातलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. नावाचा अर्थ कासव बेट. पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्यांची तिथं जत्रा असते. शाळा इतक्या जवळजवळ की फीची घासाघीस करता येते आणि बऱ्याच ठिकाणी कोर्सच्या दिवसांत डॉर्मिटरीतली खाट त्यातच मिळते. बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं चुम्फोन, तिथून बोट. कोर्सची फी दोन्हीकडं तीस हजारांच्या आगेमागे धरून चाला. विमानभाडं सोडलं तर को ताओला राहणं-खाणं स्वस्त पडतं आणि कार्ड मिळाल्यावर रोज दोन डाइव्ह करत आठवडाभर राहिलात तर हिशेब त्याच्या बाजूनं झुकतो. एकट्यानं जाणाऱ्याला सोबती मिळतात. पण शिकवणं झटपट इंग्रजीत असतं आणि गट मोठे. आधीच विचारा, एका प्रशिक्षकामागं किती जण? चारपेक्षा जास्त म्हणाले तर दुसरं दार बघा.

तरीही सुट्टी कधीची आहे, यावर माझा निकाल उलटा होऊ शकतो. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे किंवा नाताळात जाणार असाल तर अंदमानच, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर को ताओला पावसाचे, खवळलेल्या समुद्राचे दिवस. मेच्या मध्यानंतर जाणार असाल तर को ताओ, कारण तोवर अंदमानात पाऊस यायला लागतो. मालवण पावसाळ्याचे चार महिने बंदच धरा. भाच्याची सुट्टी मेअखेरची, म्हणून त्याला मी को ताओच सांगितलं.

निघण्याआधी दोन कामं लातुरातच उरका. कोर्सच्या वेळी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दमा, कानाचं जुनं दुखणं, रक्तदाब यांपैकी कशालाही 'हो' लिहिलं की डॉक्टरची सही लागते आणि बेटावर डॉक्टर शोधण्यात दिवस जातो. फॉर्म नेटवर मिळतो, इथल्याच डॉक्टरकडून तपासून घ्या. खोटं 'नाही' लिहू नका. आणि चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का, हे शाळेला आधीच विचारा.

परतीचं तिकीट काढताना शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा, मी पूर्ण दिवस ठेवते. हॅवलॉकला हे आपोआप होतं, कारण बोटीनं परत येऊन एक मुक्काम पडतोच. तो दिवस सेल्युलर जेल बघायला द्या.

भाचा सध्या रोज पहाटे पोहायला जातो. त्याला सांगितलंय, २०० मीटरची काळजी करू नको, ते तू पार करशील. पाठीवर पड, कान पाण्यात जाऊ दे, आणि १० मिनिटं काहीही करू नको.